हरणाच्या पिल्लाची धुरी

चूक माझी होती. निम्मी नवसाबाईची होती असं मी पुढे बरेच दिवस म्हणत राहिले. पण हरणाचं पिल्लू उचलून आणायची अक्कल तिची आणि त्याला अंघोळ घालायची अक्कल माझी. वाटणी करायचीच म्हटली तर मोठा वाटा माझ्याकडेच येतो.

आमचं देवमाळ येवल्याच्या पुढे, कोरडवाहू गाव. उत्तरेला नुसता माळ आणि माळावर हरणं. माझ्या तरुणपणी हरीण म्हणजे बाजरीची नासाडी. लोक कुत्री सोडायचे, बांधाला फासे लावायचे आणि कुणाच्या चुलीवर कसला रस्सा शिजतोय हे कुणी कुणाला विचारायचं नाही. मग माझा भाचा गोरक्ष याने एकदा नाशिकच्या दोघा पाहुण्यांना आपल्या कमांडर जीपमधून माळ फिरवून आणला. एरवी तो त्या जीपमध्ये येवला-नांदगाव प्रवासी कोंबायचा. त्या पाहुण्यांनी काळवीट बघितला आणि पुढच्या रविवारी आणखी सहा जण घेऊन आले. बघता बघता गावाने समिती केली. जीप एकच, वाट एकच, चाक वाटेबाहेर घालायचं नाही, माळावर कुणी खाली उतरायचं नाही. पाहुण्यांच्या पैशातून उन्हाळ्यात दोन पाणवठे टँकरने भरायचे, ज्याची बाजरी हरणांनी खाल्ली त्याला भरपाई द्यायची, आणि पाहुण्यांचं जेवण बचत गटाच्या बायकांनी करायचं. फासे हळूहळू निघाले. लोक एकदम साधू झाले असं नाही. मेलेलं हरीण एकदाच कामाला येतं आणि जिवंत हरीण दर रविवारी, एवढं त्यांच्या ध्यानात आलं.

मला मात्र त्या जीपचा राग होता. ती धूळ, ते टोप्या घातलेले पाहुणे, आणि हरीण दिसलं की श्वास रोखून बसणं. हरीण काय बघायचं असतं? मी तिच्यात कधी पाय ठेवला नव्हता.

माझं काम वेगळं. चाळीस वर्षं मी देवमाळातल्या बाळ-बाळंतिणींना न्हाऊ घातलं. गोरक्षलाही मीच पायावर घेऊन रगडलंय. पण आता बायका बाळंतपणाला दवाखान्यात जातात आणि तिकडूनच सगळं शिकून येतात. माझी स्वतःची लेक भाग्यश्री ऑगस्टात नाशिकला बाळंत झाली. मी तेलाची बाटली, ओवा, बाळंतशेपा, वावडिंग सगळं बांधून घेऊन गेले. तिथली नर्स म्हणाली, "आजी, आधी साबणाने हात धुवा. आणि धुरी-बिरी काही नको. बाळाच्या छातीला त्रास होतो." मी भाग्यश्रीकडे बघितलं. ती खाली मान घालून म्हणाली, "आई, डॉक्टर सांगतात तसंच करू ना." मी दुसऱ्या दिवशीच्या एसटीने परत आले. दोन महिने झाले, नातीचं तोंड बघितलं नव्हतं. तिचा फोन आला की मी शेतात असायचे. म्हणजे घरीच असायचे, पण फोन उचलेल त्याला शेतात आहे असं सांगायला लावायचे.

हे सगळं सांगितलं ते त्या रविवारी सकाळी माझे हात का शिवशिवत होते हे कळावं म्हणून. २००७ सालचा ऑक्टोबर होता, बाजरीची सोंगणी चालू होती. सातच्या सुमाराला शेजारची नवसाबाई पदरात काहीतरी धरून आली.

"कुसाक्का, हे बघ. गवतात एकटंच पडलं व्हतं. माय टाकून गेली. वर झाडावर कावळं बसलं व्हतं."

दोन-तीन दिवसांचं पिल्लू. काड्यांसारखे पाय, ओले डोळे. नाळेचा वाळका तुकडा अजून तसाच. मी दुसरा विचार केला नाही. पाटावर बसले, पाय लांब केले आणि पिल्लू पायावर घेतलं. कोमट तेल चोळलं. दूध-बेसन लावलं, कणकेचा गोळा फिरवला. गरम पाण्याने धुतलं, जुन्या लुगड्यात गुंडाळलं, शेगडीवर ओवा-शेपा टाकून मनसोक्त धुरी दिली. कपाळाला आणि गालाला काजळाची तीट लावली. कणकेचा गोळा नेहमीसारखा दाराबाहेर टाकला. माझा खंड्या कुत्रा त्याचीच वाट बघत बसलेला असतो. पिल्लाने हूं की चूं केलं नाही. मला वाटलं, हात पटला. ते भीतीने गोठलं होतं हे मला मागाहून कळलं. पण खरं सांगते, त्या वेळी मला फार बरं वाटत होतं.

दहा वाजता गोरक्ष पाहुण्यांच्या भाकऱ्यांची पाटी न्यायला आला. माझ्या मांडीवर बघितलं आणि उंबऱ्यातच थांबला.

"आत्या, हे काय हे?"

"माय टाकून गेली बिचाऱ्याची."

"टाकून नाय गेली. हरणी पिल्लाला गवतात लपवून चरायला जाती. दूध पाजायला येती अन् परत जाती. आत्तापरतूर दोन खेपा मारल्या असतील तिनं." तो जवळ आला, वास घेतला आणि त्याचा चेहरा उतरला. "तू ह्याला अंघोळ घातली?"

मी पिल्लाच्या अंगावरचं लुगडं सारखं केलं. तो बाहेर जाऊन फोनवर वनरक्षकाशी बोलला. परत आला तेव्हा आवाज खाली आला होता. "जिथनं उचललं तिथंच ठिवा, लांब व्हा, दिवस मावळंपर्यंत वाट बघा, असं म्हनले. हरणी नाय आली तर ते गाडी घेऊन येतील."

"अन् मग?"

"मग पिंजरा. बाटलीचं दूध. एवढाली पिल्लं त्याच्यावर जगत नाय शक्यतो."

नवसाबाई भिंतीला टेकून उभी होती, ती म्हणाली, "मी दावते ना जागा. माझा इळा तिथंच राह्यलाय, हिवराच्या अंगाला." गोरक्षने तिला थांबवलं. माणूस पायी चालत माळावर शिरला की हरणं दोन कोस पळतात. जीपला मात्र ती सरावली होती, मान वर करून बघायची आणि पुन्हा चरायची. जायचं तर जीपमधूनच. आणि जीपमध्ये पाहुणे येऊन बसलेले होते.

अशी मी पहिल्यांदा त्या जीपमध्ये चढले, पदराखाली हरणाचं पिल्लू घेऊन. पाहुण्यांच्या म्होरक्या वेदिका मॅडम होत्या, नाशिकच्या कॉलेजात शिकवायच्या आणि महिन्यातून एकदा माणसं घेऊन यायच्या. बाकी दोन जोडपी, चौघं. गोरक्षने त्यांना सांगितलं, "पिल्लू चुकलं व्हतं. जागेवर ठिवायचंय. आज काळवीट दिसंल न दिसंल." अंघोळीचं त्याने काढलं नाही. गावात हरणाची पिल्लं घरी आणतात असं नाशकात पसरलं असतं तर कोण येणार होतं? जीप हलली तशी मागच्या एका बाईने विचारलं, "ओव्याचा वास येतोय का?" मी बाहेर बघत बसले.

हिवराच्या झाडाशी विळा सापडला. कळप तिथे नव्हता, म्हणून मी तेवढी खाली उतरले. काळवीट ठरावीक जागी लेंड्या टाकतात, त्यांचे ढीग साचतात. तसा एक ढीग जवळ होता. त्या लेंड्या आणि माती मी दोन्ही हातांनी पिल्लाच्या अंगाला चोळली, पाठीला, पोटाला, कानांमागे. सकाळी घातलेलं सगळं मी तिथे उकरून काढत होते. तरी नाक लावलं की शेपा यायचाच. पिल्लू गवतात ठेवलं तर त्याने मान जमिनीला लावली आणि दिसेनासं झालं. मी विळा उचलला, जीपमध्ये चढले. गोरक्षने जीप मागे नेऊन वाटेवर उभी केली, दोनशे पावलांवर, आणि इंजिन बंद केलं.

बारा वाजले. एक वाजला. ऑक्टोबरचं ऊन वरून टोचत होतं आणि जीपला छत नव्हतं. पाहुणे उठून जातील, निदान कुरकुर तरी करतील असं मला वाटलं होतं. कुणी हललं नाही. वेदिका मॅडमनी दुर्बिण डोळ्याला लावली ती खाली घेतलीच नाही. त्या सगळ्यांना फक्त एवढंच हवं होतं की ती हरणी यावी. मलाही तेवढंच हवं होतं. टोप्या घातलेल्या माणसांच्या आणि माझ्या मनात एकच गोष्ट असेल असं मला कधी वाटलं नव्हतं.

दोनच्या पुढे लांबच्या उतारावर एकटी हरणी दिसली. चार पावलं यायची, थांबायची. मान वळवायची. पुन्हा चार पावलं. तिची कास भरून आली होती, ते इतक्या लांबून मला दिसलं, दुर्बिणीशिवाय, आणि मी हळूच तसं म्हटलंही. असल्या गोष्टी मला दिसतात.

"येतीये," मॅडम ओठातल्या ओठात म्हणाल्या.

तेवढ्यात गोरक्षने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. मी त्याच्या नजरेच्या दिशेने बघितलं. गावाकडून, बाजरीच्या कडेने, वाऱ्यावर नाक धरून कुत्रा येत होता. वळणं घेत नव्हता, थांबत नव्हता. सरळ हिवराच्या दिशेने.

"तुझा खंड्या हाय," गोरक्ष म्हणाला.

मला जीपमधल्या जीपमध्ये मेल्यासारखं झालं. तो माझाच वास घेत येत होता. तेल, बेसन, कणीक. चाळीस वर्षं ज्या वासाच्या शेवटी आमच्या दारात कुत्र्याला खायला मिळतं, तो वास मी त्या पिल्लाच्या अंगाला लावून माळावर ठेवून आले होते.

"हाक मारू?" मी विचारलं.

"हाक मारली की हरणी गेली. ती आत्ता बिचकली तर आज परत येत नाय."

"मग मी उतरते."

"उतरली तरी तेच."

हरणीने कुत्र्याला अजून बघितलं नव्हतं. दोघांच्या मधे ते पिल्लू, आणि पिल्लू हलणार नव्हतं. गोरक्षने चावीवर हात ठेवला, पण फिरवली नाही. मला कळलं तो कशाला अडला ते. जीप मधे घालायची तर वाट सोडावी लागणार होती. समितीत त्यानेच भांडून केलेला नियम होता तो. आणि त्या गुडघाभर गवतात दुसऱ्या एखाद्या हरणीने आपलं पिल्लू लपवलं असेल तर? चाकाखाली आलं तरी ते उठणार नव्हतं.

"मी बघते पुढचं," मी म्हटलं. "पायदानावर उभी राहते. तू माझ्या हाताकडं बघ."

"आत्या, तुला जमंल?"

"तुझी नाळ मी कंदिलाच्या उजेडात कापली. चालव."

मी डाव्या पायदानावर उभी राहिले, एका हाताने समोरच्या काचेची चौकट धरली. इंजिन सुरू झालं. हरणीने मान वर केली, जीपकडे बघितलं, आणि तिथेच उभी राहिली. ओळखीचा आवाज होता तिला. जीप गवतात शिरली, माणूस चालतो त्याहून हळू. मी फक्त चाकापुढचं हातभर गवत बघत होते. डावीकडे. सरळ. पुन्हा डावीकडे. एका जागी तपकिरी, गोल काहीतरी दिसलं आणि मी हात आडवा केला. जीप थांबली. कुत्रा पुढे सरकतच होता. मी वाकून वाकून बघितलं. ढेकूळ होतं. पुढे घे म्हणून मी गोरक्षला दोनदा खूण केली.

खंड्या पिल्लापासून वीस पावलांवर आला असेल, तेव्हा जीप मधे येऊन उभी राहिली. तो थांबला. पायदानावर मला बघून शेपूट हलवायला लागला. त्याने भुंकायचाच अवकाश होता. मी तोंडातून आवाज काढला नाही, नुसता मोकळा हात खाली सोडला. सकाळपासूनचा हात, तेलाचा, कणकेचा, लेंड्यांचा. तो हुंगत हुंगत आला, बोटं चाटायला लागला. मी मानेची कातडी धरली आणि होता नव्हता तेवढा जोर लावून त्याला वर ओढला. तो थेट वेदिका मॅडमच्या मांडीवर पडला, त्यांच्या पांढऱ्या कपड्यांवर चारी पाय मातीचे. त्यांनी एका हाताने त्याला पोटाशी आवळलं, दुसऱ्या हाताने त्याचं तोंड मिटून धरलं. बाई हुशार होती.

गोरक्षने इंजिन बंद केलं. आता मागे जायलाही वेळ नव्हता. मी तशीच पायदानावर, दम धरून. हरणी जीपच्या पलीकडच्या अंगाने आली. इतकी जवळ की तिच्या नाकपुड्या हलताना दिसत होत्या.

तिने मान खाली घातली आणि झटक्यात मागे घेतली. पुढचा पाय आपटला. दोन पावलं मागे गेली. शेपा लागला तिला. मी मनातल्या मनात त्या नर्सची, त्या डॉक्टरांची, भाग्यश्रीची, सगळ्यांची माफी मागितली. कुणाची मागायची होती ते मला माहीत नव्हतं, म्हणून सगळ्यांची मागितली.

पिल्लू उठलं. सकाळपासून पहिल्यांदा. पाय चारी दिशांना गेले, पुन्हा गोळा झाले. एक पाऊल टाकलं आणि बारीक आवाज केला. माझ्या पायावर असताना त्याने असा आवाज केला नव्हता.

वेदिका मॅडमनी कुत्रा मांड्यांमध्ये दाबून एका हाताने दुर्बिण लावली होती. हळूच म्हणाल्या, "त्याच्या गालाला काळं काय लागलंय?"

गोरक्षने डोळे मिटून घेतले. मी म्हटलं, "काजळ हाय. तीट लावली मी. आज सकाळी मी ह्याला तेल लावून न्हाऊ घातलं, धुरी दिली. चुकलेलं नव्हतं ते. आम्ही उचलून आणलं."

त्यांनी दुर्बिण खाली घेतली आणि माझ्याकडे बघितलं. मी नजर चुकवली नाही. त्या तशाच कुत्र्याचं तोंड धरून बसल्या.

हरणी पुन्हा पुढे आली. शेपटीपासून हुंगत हुंगत मानेपर्यंत गेली. मग जीभ काढली आणि चाटायला लागली. पिल्लू तिच्या पोटाखाली शिरून ढुशा देत होतं, कास धरून पीत होतं आणि ती चाटत होती. पाठ चाटली, पोट चाटलं, कानांमागे चाटलं. मी जिथे जिथे चोळलं होतं तिथे तिथे. किती वेळ ते मला सांगता येणार नाही. एकही जण हलला नाही. शेवटी तिने पिल्लाचं तोंड वर केलं आणि गालावरची तीट पुसून टाकली. दोघं गवतातून गेली.

मी पायदानावरच बसले आणि रडले. चाळीस वर्षांत देवमाळात माझ्या अंघोळीला कुणी नावं ठेवली नव्हती, आणि आज एका आईने ती पहिल्यापासून पुन्हा घातली होती. मला वाईट वाटलं असं नाही. तिचं बरोबर होतं, एवढंच.

परतताना गोरक्षने आपलीच चाकोरी धरून जीप वाटेवर आणली. गावात आल्यावर तो मॅडमना म्हणाला, "मी खोटं बोललो तुमच्याशी." मॅडम म्हणाल्या, "पुढच्या खेपेला मी माणसं आणीन तेव्हा हे मावशींनीच सांगायचं सगळ्यांना. काजळासकट. आणि पिल्लांच्या दिवसांत जीप कुठून न्यायची तेही त्यांनाच विचारा. मला दुर्बिणीतून कास दिसली नव्हती."

मी त्यांच्या कपड्यांकडे बघत होते. म्हटलं, "मॅडम, तुम्ही नाशिकला जाणार ना आत्ता? गाडीत एक जागा हाय का?"

गोरक्ष बघतच राहिला. मी घरात गेले, साडी बदलली, पिशवीत नातीसाठी शिवलेलं झबलं टाकलं. कोनाड्यात तेलाची बाटली होती. तिला हात लावला आणि तिथेच ठेवली.

येवल्याला चहाला थांबलो. मी हात नाकाशी नेऊन बघितले. शेपा अजून गेला नव्हता. हॉटेलवाल्याकडे साबण मागितला, आणि नळाखाली कोपरापर्यंत हात धुतले. मॅडमनी दुसऱ्यांदा बोलावलं तेव्हा चहा निवला होता.